चौदाचे अकरा

शेषराव मला कधीच फारसा आवडला नाही. तो सज्जन होता, आणि सज्जन माणूस फार जवळून पाहिला की कंटाळा येतो. शिवाय शंकरपटाच्या दिवशी तो घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि मी माइक घेऊन. लोक ऐकायचे माझं, पण विश्वास ठेवायचे त्याच्यावर. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे रुचणं शक्य नव्हतं. माझं नाव पुंजाराम, पण गावात मला मास्तरच म्हणतात.

गाव म्हणजे बोरमळी, मूर्तिजापूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर. इथं दर फेब्रुवारीत शंकरपट भरतो. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी ठरावीक अंतर पळते आणि तिला किती सेकंद लागले ते मोजतात. आमच्याकडे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायची पद्धत नाही. एक जोडी सुटते, एकटीच पळते, तिचा टाइम लागतो, मग दुसरी सुटते. दिवसभरात शंभरेक जोड्या पळतात आणि कोण जिंकलं ते फक्त घड्याळाला माहीत असतं. दुसऱ्या गावांनी आता दोरा तुटला की आपोआप चालू होणारी यंत्रं आणली आहेत. बोरमळीत मात्र शेषरावचा अंगठा चालायचा.

हा अंगठा त्याने अमरावतीच्या एका कॉलेजात कमावला होता. तिथल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. म्हणजे पोरांना लंबक आणि स्टॉपवॉच काढून द्यायचं, संध्याकाळी सगळं परत कपाटात ठेवून कुलूप लावायचं. पण पस्तीस वर्षं लंबकाची आंदोलनं मोजली जाताना बघून त्याला सेकंदाची अशी काही सवय लागली होती, की जोडी रेघ ओलांडताच तो घड्याळाकडे न बघता म्हणायचा, "नऊ पॉइंट आठ." मग घड्याळ बघायचा. नऊ पॉइंट सात नाहीतर नऊ पॉइंट आठच असायचे. लोक याला चमत्कार समजायचे. मी वर्गात त्वरणाची व्याख्या फळ्यावर लिहून द्यायचो आणि हा माणूस कपाटाची किल्ली सांभाळायचा, तरी चमत्कारी तोच. याचा मला मनापासून राग होता आणि तो मी कधी लपवला नाही.

कोर्टाच्या बंदीची वर्षं सोडली तर एकतीस पट त्याने एकट्याने मोजले. निवृत्त झाल्यावर तो अमरावतीत मुलीकडे राहायचा. बायको आधीच गेली होती. तिच्या कॉलनीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. जावई कामात, नातवंडं क्लासला, आणि हा गॅलरीत. वर्षातले पटाचे तेवढे दोन दिवस तो पांढरा शर्ट कडक इस्त्री करून, घड्याळ चष्म्याच्या डबीत घालून यायचा आणि पाच-सातशे माणसं त्याच्या एका आकड्यासाठी गप्प उभी राहायची. शेषरावकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. ते गेलं असतं तर गॅलरी उरली असती.

आता उत्तमराव. हे पट कमिटीचे अध्यक्ष. कोणी निवडून दिलं, केव्हा दिलं, हे गावात कोणाला आठवत नाही. मंडपात सगळ्यात मोठी खुर्ची त्यांची असते आणि ती ते घरून आणवतात. त्यांच्याकडे एक काळी डिझेल एसयूव्ही आहे. शेतात जायला ती कामाची नाही, कारण चिखल लागतो. अकोल्याला जायला कामाची नाही, कारण पार्किंगला जागा मिळत नाही. ती गावच्या पारासमोर उभी करायला आहे. सकाळी ती चालू करायची, दहा मिनिटं तशीच घुरघुरत ठेवायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचं, "आवाज आयकला का?" लोक आयकला म्हणतात. मीही म्हणायचो.

या वर्षी पटाच्या आदल्या दिवशी दुपारी शेषराव आला तो मुलीच्या गाडीतून. दीपमाला अमरावतीत सरकारी इंजिनिअर आहे. तिने नुकतीच पांढरी इलेक्ट्रिक सेडान घेतली होती. गाडी पारापाशी आली तरी कोणाला कळलं नाही. एक शेळी रस्त्यातून हलली नाही तेव्हा लोकांनी मान वळवली. शेषराव डबी सांभाळत उतरला. त्याच्या चेहऱ्यावर गाडीचा जो अभिमान होता तो त्याला नीट लपवताही येत नव्हता.

उत्तमराव खुर्चीतून म्हणाले, "काहून रे शेषराव, पोरीनं खेळणं घेतलं वाटते?" शेषराव त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. पण उत्तमराव त्याला एकेरीतच बोलवायचे. त्यांच्या वडिलांनी शेषरावच्या वडिलांना तसंच बोलवलं होतं, आणि वडिलांकडून आलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच त्यांनी नीट जपली होती.

"चांगली चालते, भाऊ," शेषराव म्हणाला.

"चालत असन. पळते का? आवाजच नाई तं जोर कोठून येईन?"

दीपमाला शांतपणे म्हणाली, "काका, आवाजाचा न् जोराचा काही संबंध नाही. मोटरला जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. तुमच्या इंजिनाला आधी फिरावं लागतं, मग दम येतो. उभ्यातून सुटलो तर ही तुमच्या गाडीच्या पुढे जाईल."

हे अगदी बरोबर होतं. विज्ञान शिक्षक म्हणून मी त्यावर दोन वाक्यं बोलू शकलो असतो. मी सुपारी कातरत बसलो. उत्तमराव हसले, मग त्यांच्या मागची पाच-सहा माणसं हसली. ती नेहमी अर्ध्या सेकंदाने मागून हसतात. आणि मग उत्तमरावांनी जाहीर केलं की चारच्या सुमाराला दोन्ही गाड्यांचा पिकअप पाहायचा, साऱ्या गावासमोर.

नवा हायवे झाल्यावर गावाबाहेर जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा पडून राहिला आहे. तिथं वाहतूक नसते, लोक तूर वाळवतात. चारला तूर बाजूला झाली आणि गाव गोळा झालं. शेषरावने टेप धरून तीनशे मीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारली. दीपमाला म्हणाली, "बाबा, दोन्ही गाड्या सोबतच सोडू ना. सगळ्यांना दिसेल."

जगात कुठेही हेच केलं असतं. पण बोरमळीचं डोकं पटाच्या बाहेर चालत नाही. लोक ओरडले की असं कुठं असते, जोडी एकटीच पळते. आणि खुद्द शेषरावनेच त्यांना दुजोरा दिला. "बाई, डोळा शेजारच्याकडं पाहून फसते," तो मुलीला म्हणाला, "घड्याळ नाई फसत." मला तेव्हाच त्याची कीव आली होती. बापाने पोरीच्या हातातली उघड जीत घेतली आणि एका यंत्रात कोंडली.

मग उत्तमरावांनी नवीन काढलं. पटात जोडीला रेघेच्या मागून तीस हात धाव देतात, तशी गाडीलाही द्यावी, आणि एसयूव्ही मोठी आहे म्हणून तिला शंभर हात. शेषराव त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "भाऊ, जोडी रेघेवर उभी राह्यत नाई म्हणून तिले धाव देतो. तुमच्या गाडीले ब्रेक हाय ना. पिकअप उभ्यातूनच दिसते." आमच्या गावात उत्तमरावांना असं कोणी तोंडावर सांगत नाही. घड्याळाच्या गोष्टीत शेषरावला मात्र तेवढी मुभा होती. उत्तमरावांनी धावेचा विषय सोडला.

एवढं झाल्यावर शेषरावने जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने डबीतून घड्याळ काढलं, रुमालाने पुसलं, आणि कमिटीच्या टेबलावर ठेवून दिलं. म्हणाला, "ज्याची जोडी पटात असते त्यानं घड्याळ धरू नये. आमच्या घरी कधी जोडी नवती, म्हणून तं तुमी हे मले देल्लं. आज माही पोरगी पळून राह्यली. दुसरं कोणी धरा."

लोकांत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "शेषरावभाऊ, तुमच्यावर भरोसा हाय आमचा." तो म्हणाला, "म्हणूनच." आणि जाऊन बाभळीखाली उभा राहिला, अंतिम रेघेपासून दहा-पंधरा पावलांवर.

उत्तमरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर हायत ना. मास्तरची कोठं जोडी हाय?" माझी खरंच जोडी नव्हती. एक जुनी स्कूटर होती आणि पेन्शन होतं. उत्तमरावांकडून मला काही नको होतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की माझा काही स्वार्थ असेल. स्वार्थ असता तर मला स्वतःची जरा तरी इज्जत वाटली असती.

पहिली काळी गाडी. रेघेवर गाडी उभी ठेवून उत्तमरावांनी इंजिन असं गरजवलं की बाया कानावर पदर घेऊन मागे सरल्या. तिकडच्या माणसाने झेंडी पाडली, मी अंगठा दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. गाडी जणू विचार करत होती. मग मागून काळा धूर निघाला, नाक वर उचललं, आणि ते दोन टनांचं धूड आमच्याकडे यायला लागलं. येता येता त्याला वेग आला हे खरं, पण तोवर अर्धा रस्ता संपला होता. रेघ ओलांडताच मी अंगठा दाबला. घड्याळात चौदा पॉइंट तीन होते.

उत्तमराव गाडी मागे घेत आले. काच खाली केली. चेहरा घामेजला होता आणि त्यावर लग्नाच्या घोड्यावर बसलेल्या नवरदेवाची खुशी होती. "किती, मास्तर?"

सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी म्हणालो, "अकरा पॉइंट तीन." आणि अंगठ्याने घड्याळ शून्यावर आणलं.

हे मी का केलं, यावर मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. मला कोणी धमकावलं नव्हतं. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडातून त्यांना आवडेल ते बाहेर पडलं, बस. पारावर "आवाज आयकला का" विचारल्यावर जसं "आयकला" निघायचं तसंच. वाकायची इतकी सवय झाली होती की कोणी वाकवायची गरजच उरली नव्हती. मनात एवढंच आलं की पोरीची गाडी अकराच्या आत येईल आणि माझं खोटं वाहून जाईल. पापभीरू माणसं असाच हिशेब करतात.

मग पांढरी गाडी. झेंडी पडली आणि ती निघाली. आवाज नाही, धूर नाही, विचार करणं नाही. पोरांनी काळ्या गाडीचा धूर मोबाइलवर घेतला होता आणि तो एकमेकांना दाखवण्यात ती गुंग होती. त्यांनी मोबाइल वर केले तोपर्यंत ही रेघ ओलांडून गेली. अकरा पॉइंट आठ. हा टाइम मी खरा सांगितला. एवढा मी प्रामाणिक.

काळी गाडी अर्ध्या सेकंदाने जिंकली. आपल्या डोळ्यांनी दोन्ही गाड्या पाहिलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही वाटलं नाही की आपण आत्ता काय पाहिलं ते जरा आठवावं. उत्तमरावांनी बॉनेटवर हात ठेवून भाषण केलं, त्यात देश, डिझेल आणि त्यांचे आजोबा आले. मी माइक धरला होता.

दीपमाला माझ्याजवळ आली. रागावली नव्हती. "सर, एवढी जड डिझेल गाडी उभ्यातून तीनशे मीटर अकरा सेकंदांत? तुम्ही विज्ञान शिकवायचे ना?" मी म्हणालो, "घड्याळात होतं ते सांगितलं." ती काही बोलणार तोच शेषरावने तिला हाताने थांबवलं. "बाई, चाल. घड्याळानं सांगतलं म्हणजे झालं. असं इचारू नये." पोरीने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडीत जाऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. सकाळी ऑफिस होतं म्हणून ती तशीच अमरावतीला निघून गेली. शेषराव पटासाठी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी माझ्या चुलतभावाच्या अंगणात दाढी करत होतो. शेषराव आला. तोच पांढरा शर्ट, पण चुरगळलेला. बाजेच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "मास्तर, एक इचारतो. कोणाले सांगणार नाई, पोरीलेबी नाई. उत्तमभाऊचा खरा टाइम किती होता?"

मी आरशातच पाहत होतो. तोंडाला अर्धा साबण होता.

"काहून?" मी विचारलं.

"मी बाभळीखालून मनात मोजत होतो. सवयच हाय. मले सव्वाचौदा लागले. पोरीले पावणेबारा. तिचं बरोबर निघालं. त्याइचं तीन सेकंदानं चुकलं." तो आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. "एकतीस पटांत पॉइंट दोनच्या वर कधी चुकलो नाई. तीन सेकंद म्हणजे लय झाले. तुमी चुकून आकडा वाचला असन तं सांगा. मले काही वाटणार नाई. उलट बरं वाटन."

त्याने मला दार उघडून दिलं होतं. 'हो, चष्मा नव्हता, चुकून वाचलं' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याला उत्तमरावांना हरवायचं नव्हतं, पोरीला जिंकवायचं नव्हतं. आपला डोळा शाबूत आहे एवढंच त्याला हवं होतं, आणि ते देणारा जगात मी एकटाच होतो. अंगणात तिसरं कोणी नव्हतं. भ्यायला कोणी नव्हतंच.

"अकरा पॉइंट तीन," मी म्हणालो. "मी नीट पाहिलं, शेषराव."

त्याने मान हलवली. एकदाही माझ्यावर संशय घेतला नाही. मास्तर आहे, विज्ञान शिकवलं आहे, आणि घड्याळ मास्तरच्या हातात होतं. त्याच्या हिशेबात इथं प्रश्न संपला. चुकलेला आता एकच उरला होता, आणि तो कबूल करायला तो लगेच तयार झाला.

"मंग पोरीच्या बाजूनं मन ठेवून मोजलं असन म्या," तो म्हणाला. "नाईतं डोळाच गेला. काहीबी असो. लोक वर्षभर जोडीले जीव लावतात, माह्या अंगठ्यानं त्याइचं वाटोळं काहून करू?" त्याने खिशातून चष्म्याची डबी काढली, बाजेवर ठेवली. "हे तुमीच धरा आता."

मी नको म्हणालो का? म्हणालो. एकदा म्हणालो, आणि साबण वाळत होता म्हणून पुढची दाढी केली.

दहा वाजता पट सुरू झाला. शेषरावची तब्येत बरी नाही, असं मी माइकवरून सांगितलं. त्यावर कोणी फारसं विचारलं नाही. उत्तमराव म्हणाले, "मास्तरचा हात पक्का हाय, काल पाह्यला ना सगळ्याइनं." त्या दिवशी एकशे चार जोड्या पळाल्या. प्रत्येकीचा टाइम मी सांगितला, आणि सगळे खरे सांगितले, कारण त्यांत उत्तमरावांची जोडी नव्हती.

शेषराव गेला नाही. मंडपात पहिल्या रांगेत त्याला कोणीतरी खुर्ची दिली होती. सकाळी पहिली जोडी सुटली तेव्हा मला वाटलं, हा आता सवयीने मोजेल, ओठ हलतील. जोडी धूळ उडवत समोरून गेली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे पाहत होता, टाइम किती लागला ते कळावं म्हणून.